दिसतं तेवढंच सांगा

शोभनाला जाऊन पस्तिसेक वर्षं झाली होती, आणि आता ती रोज दुपारच्या चहाला घरी येऊ लागली होती. यायची, झोपाळ्यावर बसायची, आणि दिसायची फक्त शशिकांत खटावकरांना. "अगं, शोभना आलीय. तिलाही टाक अर्धा कप," असं ते स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगायचे. स्वयंपाकघरात असायची उज्ज्वला, त्यांची दुसरी बायको. ती अर्धा कप जास्तीचा टाकायची, झोपाळ्याजवळच्या स्टुलावर ठेवायची आणि निवला की मोरीत ओतून द्यायची. सवतीला चहा पाजायची वेळ पुष्कळ जणींवर आली असेल. मेलेल्या सवतीला पाजायची वेळ उज्ज्वलावर आली.

तशी ही सवत तिला नवी नव्हती. लग्नाच्या दिवशीच सासूबाईंनी तिच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी चांदीचा एक छोटा टाक बांधला होता. त्यावर एका बाईची आकृती ठोकलेली. पहिली गेलेल्या घरात दुसरी आली की तिनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही त्या घरची रीत. "म्हणजे ती तुला त्रास द्यायची नाही हो," सासूबाई म्हणाल्या होत्या. दर भाद्रपदात अविधवा नवमी यायची, नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची तिथी. त्या दिवशी उज्ज्वला शोभनाच्या नावानं रांधायची, पान वाढायची, गच्चीच्या कठड्यावर ठेवून कावळ्याची वाट बघायची आणि कावळा शिवला की मग घरातले जेवायचे. शोभनाची तान्ही केतकी तिनं वाढवली, शिकवली, लग्न करून दिली.

शशिकांतराव वाईट नव्हते, हीच खरी अडचण होती. वाईट नवऱ्याला शिव्या तरी देता येतात. मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाशी वागावं तितक्या अदबीनं ते बायकोशी वागले. काही कमी पडू दिलं नाही. फक्त हाक मारताना 'अगं', नाव कधी नाही. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण या माणसानं त्या दुधाचं कौतुकही कधी मोठ्यानं केलं नाही. शोभनाच्या फोटोला हार घालताना मात्र त्यांच्या डोळ्यांत जे यायचं, ते उज्ज्वलाकडे बघताना कधी आलं नाही. तिला आयुष्यात दुसरं काही नको होतं. मरायच्या आधी एकदा त्यांनी त्या नजरेनं आपल्याकडे बघावं आणि आपल्या नावानं हाक मारावी, एवढंच.

आजाराची सुरुवात मांजरांनी झाली. दुकानाच्या काउंटरवर मांजरं बसतात म्हणू लागले. मग लहान मुलं, गुपचूप कोपऱ्यात उभी असलेली. मग चाल अडखळू लागली, हात थरथरू लागले, एक दिवस अगदी लख्ख तर दुसऱ्या दिवशी शर्टाची बाही कुठली ते कळेना. एका लग्नाला गेले असताना परगावच्या एका डॉक्टरनं त्यांना शांत करण्यासाठी जुन्या पद्धतीचं इंजेक्शन टोचलं आणि ते पार लाकूड होऊन गेले. त्यातून सावरायला कित्येक आठवडे लागले. नंतर कळलं की हा आजार तसाच आहे. अंग मोकळं करणारं औषध द्यावं तर डोळ्यांपुढची गर्दी वाढते, गर्दी हटवणारं द्यावं तर अंग गोठतं.

आणि सगळ्यांत शेवटी शोभना आली. मांजरांना घालवा म्हणणारा माणूस शोभनाला घालवा असं एकदाही म्हणाला नाही. केतकी कोल्हापूरहून आली की तीही त्यांचं मन राखायची. "हो बाबा, बसलीय ना ती. चहा पितेय," म्हणायची. उज्ज्वलाला ते ऐकवत नसे. जिनं शोभनाला पाहिल्याचंही आठवत नाही, ती पोर तिला चहा पाजत होती.

*

नवं औषध आलं तेव्हा लोकांनी त्याचं नाव 'निवळी' पाडलं. गढूळ पाण्यात निवळीचं बी उगाळलं की गाळ खाली बसतो, तसं. डॉक्टर नसीमा मुजावर त्या उपचारातल्या जाणकार. त्यांनी शशिकांतरावांना, उज्ज्वलाला आणि केतकीला समोर बसवून सगळं समजावलं.

"काका, तुम्हाला मी काय सांगायचं? तुमचा जन्म डोळे तपासण्यात गेला. मेंदू बघत नाही, अंदाज बांधतो. दाराशी कुणीतरी आलं, असा अंदाज तो आधी बांधतो, आणि डोळे सांगतात, बरोबर किंवा चूक. या आजारात पेशींमध्ये एका प्रथिनाच्या गुठळ्या साचतात आणि तपासून घेण्याची ही ताकद कमी होते. मग अंदाजच खरा ठरतो."

शशिकांतराव त्या दिवशी लख्ख होते. ते हसले. "दुकानात मी हेच ओरडायचो. अक्षर दिसत नसलं की गिऱ्हाईक ठोकून देतं. मी म्हणायचो, अंदाजानं सांगू नका. दिसतं तेवढंच सांगा."

"तेच आपण मेंदूला शिकवायचं," डॉक्टर म्हणाल्या. औषध चरबीच्या अगदी बारीक फुग्यांमध्ये बंद करून रक्तात सोडतात. ते फुगे आपोआप फुटत नाहीत. कपाळावर एक पट्टी असते. या क्षणी मेंदूत कुठलं चित्र उमटतंय ते ती टिपते आणि ऐकू न येणाऱ्या आवाजानं नेमके तिथलेच फुगे फोडते. त्या चित्राची गाठ सैल होते. पुन्हा पुन्हा झालं की सुटते. फक्त चित्र खरं की खोटं, हे पट्टीला कळत नाही. ते माणसानं सांगायचं. त्यासाठी उज्ज्वलाच्या मनगटावर घड्याळासारखं एक बटण बांधलं. रुग्णाला स्वतःला कळू लागलं की तसंच एक त्यांच्या हातात द्यायचं होतं.

"काकू, आता नीट ऐका," डॉक्टर खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या. "ते जिथं बघतायत तिथं कुणीही नसेल, तरच दाबायचं. समोर खरं माणूस असेल आणि ते त्याला दुसरंच कुणी समजत असतील, तर दाबायचं नाही. पट्टीला दोन्ही चेहरे एकत्र दिसतात. कुठला पुसायचा ते तिला कळणार नाही. आणि सुटलेली गाठ परत बांधता येत नाही."

"कळलं," उज्ज्वला म्हणाली. तिला खरंच कळलं होतं. पुढं जे झालं ते न कळल्यामुळे झालं, असं कुणी म्हणू नये.

*

मांजरं पहिल्या आठवड्यातच गेली. मग मुलं गेली. झोपाळ्यावरची शोभना चिवट निघाली, पण उज्ज्वलाही चिकाटीची. ते झोपाळ्याकडे बघून हसले की तिचं बोट बटणावर. एरवी दुसऱ्या हाताची बोटं गळ्यातल्या टाकावर जायची, तिच्याही नकळत. हळूहळू अर्धा कप चहा टाकायचं बंद झालं. मोरीत ओतायला काही उरलं नाही, आणि त्या दिवशी उज्ज्वला झोपाळ्यावर स्वतः जाऊन बसली. या घरात आल्यापासून ती त्यावर फारशी बसली नव्हती.

चाल सुधारली. चमचा तोंडापर्यंत न सांडता जाऊ लागला. एकदा त्यांनी कपाटातून जुनं कार्ड काढलं आणि उज्ज्वलाला बोलावलं. त्यावर एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला ठिपका. दुकानात आलेल्या पोरांची करमणूक करायचं ते कार्ड. "डावा डोळा झाक. फुलीकडे बघ. आता कार्ड जवळ आण," ते म्हणाले. एका अंतरावर ठिपका गडप झाला.

"कुठं गेला?" तिनं विचारलं.

"कुठंच नाही. तिथंच आहे. प्रत्येक डोळ्यात एक आंधळी जागा असते. मेंदूला भोक आवडत नाही, म्हणून तो आजूबाजूचा पांढरा कागद ओढून ते बुजवतो." ते खूश होते. उज्ज्वलाही खूश होती. आता फक्त एक हाक बाकी होती.

मग ती दुपार आली. गॅलरीत उन्हात बसवून ती त्यांची नखं काढत होती. त्यांनी एकदम तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत ते आलं. फोटोपुढचं. उज्ज्वलाच्या हातातली नखं कापायची कात्री तशीच राहिली.

"शोभना," ते म्हणाले, "किती दमलीस गं. हात बघ कसे झालेत तुझे." त्यांनी तिचा हात उचलून आपल्या गालाला लावला.

झोपाळा बंद झाला म्हणून शोभना थेट तिच्या तोंडावर येऊन बसली होती. उज्ज्वलानं हात काढून घ्यायला हवा होता. पण इतक्या वर्षांत त्या गालावर तिचा हात कुणी नेला नव्हता. तिनं तो तिथंच राहू दिला. क्षणभर तिनं शोभना व्हायचं कबूल केलं. एवढ्यावर थांबली असती तर निभावलं असतं. पण माणसाला नको ते विचारल्याशिवाय राहवत नाही.

"आणि उज्ज्वला?" तिनं हळूच विचारलं.

ते विचारात पडले. "भली बाई आहे. केतकीला जपते, माझं करते. पण घरात पाहुणी राहिल्यासारखं वाटतं गं. जाईल कधीतरी आपल्या घरी, म्हणून मी काही बोलत नाही."

उज्ज्वलानं बटण दाबलं.

समोर खरं माणूस बसलेलं होतं, हे तिला माहीत होतं. डॉक्टरांचं वाक्य शब्द न् शब्द आठवत होतं. डॉक्टर जरा जास्तच भितात, असं तिनं स्वतःला सांगितलं. त्या दिवसापासून ते तिला 'शोभना' म्हणाले की ती दाबायची. जेवू घालताना, पाठ चोळताना, औषध देताना. ते त्या नजरेनं बघायचे, ती क्षणभर बघू द्यायची आणि मग दाबायची. भुकेल्यासमोर दुसऱ्याच्या नावाचं ताट आलं, तर तो ते लाथाडतो. ती रोज लाथाडत होती आणि रोज त्याची वाट बघत होती.

*

एका सकाळी शशिकांतराव स्वतः उठून आंघोळ करून आले, पेपर उघडून बसले, आणि आदल्या दिवशी आलेल्या केतकीला म्हणाले, "काय गं, उज्ज्वला कुठाय? सकाळपासून दिसली नाही."

उज्ज्वला चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर उभी होती.

नाव ऐकून तिला आधी आनंदच झाला. कप तिनं टेबलावर ठेवला तसे ते दचकले. "हा कधी ठेवलास?" ते केतकीला म्हणाले. "मधेच झापड येते बघ अजून मला."

"आई ही काय इथं उभी आहे बाबा."

ते केतकी दाखवत होती तिथं बघत राहिले, मग पोरीकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती. "आता असं समजावू नकोस. शोभना चहा पितेय म्हणून सांगायचीस, तेव्हा मी आजारी होतो. आता बरा झालोय."

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. डोळे उत्तम. स्मरण वयाच्या मानानं चांगलं. लग्नाची तारीख, उज्ज्वलाचं माहेर, तिच्या हातची कटाची आमटी, सगळं आठवत होतं. फक्त ती खोलीत आली की मेंदू तिचा अंदाजच बांधत नव्हता. मागची भिंत पुढं ओढून भोक बुजवत होता.

"आपलं नाक सतत आपल्या डोळ्यांपुढं असतं. दिसतं का?" डॉक्टर केतकीला म्हणाल्या. मग उज्ज्वलाकडे वळल्या. "काकू, समोर माणूस असताना दाबलंत?"

"समोर मीच होते," उज्ज्वला म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्या मनगटावरचं बटण सोडवून घेतलं. केतकीनं आईकडे पाहिलं, आणि त्या नजरेतही पूर्वीचं काहीतरी कमी झालेलं उज्ज्वलाला दिसलं. "दोघींना एकदम घालवलंस तू," केतकी म्हणाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण इथं तर हात दाखवू नका म्हणून बजावलंही होतं.

चेहरा गेला होता, पण आवाजाची गाठ अजून थोडी शाबूत होती. आणि नेमकी तीच घात करू लागली. घरी ती "अहो" म्हणाली की शशिकांतराव मान वर करायचे, सगळीकडे बघायचे, कुणी नाही असं ठरवायचे आणि मनगटावरचं बटण दाबायचे. आता बटण त्यांच्या हातात होतं. ते प्रामाणिक गिऱ्हाईक होते. दिसत नाही ते दिसतं म्हणणाऱ्यातले नव्हते. केतकीनं बटण लपवून पाहिलं, तर दोन दिवसांत नवीच कुत्री आणि अनोळखी पोरं दिसू लागली आणि त्यांच्या भीतीनं ते जिन्यात पडले. द्यावंच लागलं.

तिनं चिठ्ठी लिहिली. "तिचं अक्षर. जुनी असेल," म्हणाले आणि खिशात जपून ठेवली. तिनं हातावर हात ठेवला. मुंग्या आल्या म्हणून हात झटकला. डॉक्टरांनी बजावलं होतं की आणखी थोड्या वेळा दाबलं गेलं तर आवाजही जाईल. म्हणून उज्ज्वला बोलायची थांबली. आवाज तेवढा उरला होता, तो वाचवायला ती मुकी झाली.

आणि तोंड बंद करून तिनं काय काय ऐकलं. हातभर अंतरावर बसून ऐकलं. "तिला मी कधी नावानं हाक मारली नाही गं केतकी," ते म्हणायचे. "तिनं तुला वाढवलं. माझं सगळं केलं. शोभनावर जीव होता हे खरं, पण संसार उज्ज्वलाशी झाला. हे कळायला मला बरं व्हावं लागलं, आणि तोवर ती नाही. गेली असणार. आजारात मला सांगितलं नाहीत तुम्ही." फोटोतली ती त्यांना दिसायची, गाठ सुटली होती ती समोरच्या जित्याजागत्या चेहऱ्याची. ते उज्ज्वलाच्या फोटोकडे बघायचे, आणि त्यांच्या डोळ्यांत ते यायचं. तिच्यासाठी. तिच्या नावानं. ती उठून फोटोशेजारी उभी राहायची, म्हणजे निदान त्या नजरेच्या वाटेत तरी असावं.

*

भाद्रपदात अविधवा नवमी आली. शशिकांतरावांनी सोनाराकडून चांदीचा नवा टाक करून आणला आणि देव्हाऱ्यात ठेवला. "यंदा दोन पानं," त्यांनी केतकीला सांगितलं. "शोभनाचं आणि उज्ज्वलाचं. सवाष्ण म्हणून तूच जेव."

केतकीनं समजावून पाहिलं, रडून पाहिलं. ते ऐकेनात, पान न ठेवता जेवायचे नाहीत. शेवटी ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, मला ती आमटी येत नाही. तूच कर." उज्ज्वलानं पदर खोचला. पुरण शिजवलं, वाटलं, कटाची आमटी केली, वडे तळले. सवतीचं रांधता रांधता स्वतःचंही रांधलं. शशिकांतरावांनी वाटीतली आमटी चाखून डोळे मिटले. "अगदी तिच्या हातची," ते म्हणाले.

ऊन चढलं होतं. दोन पानं घेऊन ते गच्चीवर गेले, मागून केतकी, तिच्या मागून उज्ज्वला. कठड्यावर पानं ठेवली. थोड्या वेळानं एक कावळा आला, त्यानं शोभनाच्या पानातला वडा उचलला आणि गेला. दुसऱ्या पानाकडे त्यानं बघितलंही नाही.

ते वाट बघत राहिले. कावळे तारेवर बसले होते, माना वाकड्या करून बघत होते, उतरत नव्हते. शशिकांतराव हात जोडून उन्हात उभे होते. घाम कपाळावरच्या पट्टीखालून ओघळत होता.

"काय राहिलं तुझं?" ते पानाकडे बघून म्हणाले. "केतकीचं काही? ती सुखात आहे. माझं काही? मी आता धड आहे." मग ते पानाजवळ वाकले. "उज्ज्वला, मी तुला कधी हाक मारली नाही, ते राहिलं का? ही मारतो. उज्ज्वला. उज्ज्वला गं. एकदा ओ दे."

केतकीनं वळून आईकडे पाहिलं आणि मान हलवली, नको. उज्ज्वलाला ते दिसलं. बोललं की काय होणार तेही ठाऊक होतं. पण याच हाकेसाठी तिनं उभा जन्म काढला होता. हाक आली आणि ओ द्यायची नाही, तर मग आवाज वाचवला कशासाठी?

"अहो," ती म्हणाली, "मी आहे. इथंच आहे मी."

त्यांनी झटकन मान वळवली. आवाज आला होता त्याच दिशेला, सरळ तिच्या तोंडाकडे. चेहरा उजळला, डोळे भरले, आणि ती नजर, तीच, तिच्यावर येऊन थांबली. उज्ज्वला एक पाऊल पुढं सरकली. मग त्यांनी डोळे बारीक केले, जसे दुकानात लेन्स बदलताना करायचे. एकदा नीट पाहिलं. समोर कोरी गच्ची होती आणि वाळत घातलेले कपडे.

"नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "दिसत नाही. अंदाजानं सांगायचं नाही." आणि त्यांनी बटण दाबलं.

"अहो," उज्ज्वला पुन्हा म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली. मग त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली. या वेळी त्यांनी मान वर केली नाही.

तारेवरचा एक कावळा खाली उतरला. उज्ज्वलाच्या पानाला चोच लावली, पुरणाचा घास उचलला आणि उडाला.

शशिकांतरावांनी सुटकेचा श्वास सोडला आणि पानाला नमस्कार केला. "शिवला बघ," ते केतकीला म्हणाले. "उगाच मनाला लावून घेत होतो मी. काही राहिलं नव्हतं तिचं. चल, भूक लागली."

जिन्याच्या तोंडाशी उज्ज्वला उभी होती. खाली उतरताना त्यांचा खांदा तिला घासला, तसा त्यांनी मुंग्या आलेला दंड चोळला आणि कठड्याला धरून सावकाश जेवायला गेले.